एका तबकडीचे पाठभेद

पोथ्यांच्या जगात मूळ प्रत बहुधा हाती नसते. हाती असतात त्या नकला, आणि त्या नकलांवरून मूळ पाठ कसा असेल याचा अंदाज बांधणे हे संशोधकाचे काम. छापखाना आल्यावर ही चिंता मिटली असे आपण मानतो. ध्वनीच्या तबकडीबद्दल तर आपली खात्री आणखी पक्की असते. ती यंत्रातून निघते, तेव्हा एका तबकडीत जे आहे तेच दुसरीतही असणार, असे आपण धरून चालतो. हे गृहीत तपासून पाहावे असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही जाझ-रॉक संगीतातील एका प्रसिद्ध पदार्पणाची तबकडी निवडली आहे : महाविष्णू ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाची 'द इनर माउंटिंग फ्लेम'. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ती १९७१च्या अखेरीस प्रसिद्ध केली.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. जॉन मॅक्लॉफ्लिन हा यॉर्कशायरचा इंग्रज गिटारवादक १९६९ साली अमेरिकेत आला आणि माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' व 'बिचेस ब्रू' या ध्वनिमुद्रणांत वाजवून नावारूपाला आला. १९७१ साली त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. त्यातले पाच वादक पाच ठिकाणांहून आले होते. तालवादक बिली कॉबहम जन्माने पनामाचा, पियानोवादक यान हॅमर प्रागचा, बेसवादक रिक लेअर्ड डब्लिनचा, व्हायोलिनवादक जेरी गुडमन शिकागोचा आणि स्वतः मॅक्लॉफ्लिन. त्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला त्यांनी आठ रचना ध्वनिमुद्रित केल्या. तेव्हा वाद्यवृंदाला जेमतेम महिना झाला असेल-नसेल.

'महाविष्णू' हे नाव मॅक्लॉफ्लिनला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेले. चिन्मय हे पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वाढलेले, १९६४ साली न्यूयॉर्कला गेलेले साधक. आत पेटून वर चढत जाणारी ज्योत ही तबकडीच्या नावातली प्रतिमा त्यांच्याच परंपरेतली आहे. अभीप्सेसाठी ती तेथे नेहमी येते. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्याच वर्षीच्या 'माय गोल्स बियाँड' या आधीच्या तबकडीत मॅक्लॉफ्लिनने बादल रॉय यांचा तबला आणि तंबोरा वापरला होता. वाद्यवृंदाचे नाव भारतीय झाले आणि भारतीय वाद्ये नाहीशी झाली. 'द डान्स ऑफ माया' दहा मात्रांची आहे. दहा म्हटले की आपल्याला झपताल आठवतो, पण येथे ठेका नाही, टाळी-खाली नाही. दहाच्या मोजणीवर पुढे अमेरिकी ब्लूजची डुलती चाल येऊन बसते. तबला मॅक्लॉफ्लिनच्या संगीतात मध्यवर्ती झाला तो पुढे, माहीमच्या झाकिर हुसेन यांच्यासह उभ्या राहिलेल्या 'शक्ती'मध्ये. त्या वृंदाची पहिली तबकडी १९७६ची. तेव्हा पदार्पणाच्या तबकडीवरील संस्कृत नाव पाहून आतील संगीताला भारतीय ठरवणारा वाचक मुखपृष्ठावरून ग्रंथ वाचतो, असेच म्हणावे लागेल.

मुखपृष्ठाकडून आता आपण प्रतीकडे वळू. तबकडी तयार होते कशी? मूळ ध्वनिफितीवरून, अॅल्युमिनियमवर लाखेसारखा लेप दिलेल्या एका चकतीवर, सुईने खाच कोरली जाते. या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवले की तिची उलटी प्रतिमा मिळते. त्या उलटीवरून सुलटी, आणि सुलटीवरून पुन्हा उलटे साचे काढतात. या साच्यांत तापवलेले व्हायनिल दाबले की आपल्या हाती येणारी तबकडी तयार होते. साचा झिजतो. काही प्रती निघाल्यावर तो टाकून नवा घ्यावा लागतो, सुलटी प्रतिमा खराब झाली की तीही नवी, आणि शेवटी चकतीही पुन्हा कोरावी लागते. म्हणजे फीत आणि आपले कान यांच्यामध्ये चार-पाच पिढ्यांची वंशावळ उभी असते. पोथीच्या वंशवृक्षाशी परिचय असलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

या वंशावळीची नोंद तबकडीवरच असते. शेवटच्या रचनेनंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर बारीक अक्षरांत काही खुणा असतात. कोलंबियाच्या तबकड्यांवर तेथे बाजूचा क्रमांक असतो आणि त्यापुढे '१ए', '१बी', '१सी' अशी खूण असते. ही खूण सांगते की समोरची प्रत कोणत्या कोरीव चकतीपासून निघाली. कारखान्याची खूणही अनेकदा सापडते. पोथीच्या अखेरीस लेखक स्वतःचे नाव, शक आणि तिथी नोंदवतो, ती पुष्पिका. संग्राहकांच्या लेखी ही पट्टी म्हणजे तबकडीची पुष्पिकाच. '१ए' दिसले की ती 'पहिली प्रत' ठरते आणि तिचे मोल वाढते.

येथेच पहिली अडचण उभी राहते. त्या काळी कोलंबियाचे तीन मोठे कारखाने होते : न्यू जर्सीत पिटमन, इंडियानात टेर होट आणि कॅलिफोर्नियात सांता मारिया. देशभर एकाच सुमारास माल पोहोचायचा, म्हणून एकाच फितीवरून अनेक चकत्या आरंभीच कोरल्या जात आणि त्या या कारखान्यांत वाटल्या जात. म्हणजे '१ए' ही आई आणि '१सी' ही तिची लेक, असा संबंध नाही. त्या बहिणी आहेत. पूर्वेकडच्या श्रोत्याने पहिल्याच आठवड्यात विकत घेतलेली तबकडी आणि पश्चिमेकडच्या श्रोत्याने त्याच आठवड्यात घेतलेली तबकडी वेगवेगळ्या चकत्यांच्या वंशातल्या असू शकतात, आणि दोघींनाही 'पहिली' म्हणण्याचा सारखाच अधिकार आहे. पहिली आवृत्ती आहे, पण पहिली प्रत नाही, अशी ही स्थिती.

दुसरी अडचण क्रमांकाची. या तबकडीचा मूळ अमेरिकी क्रमांक 'केसी ३१०६७'. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर अशा तबकड्यांच्या आरंभीची अक्षरे बदलून 'पीसी' झाली. ती अक्षरे किमतीची श्रेणी दाखवत. अनेक जण 'केसी' म्हणजे अस्सल आणि 'पीसी' म्हणजे दुय्यम असे समीकरण मांडतात. पण बदलले ते वेष्टनावरचे आणि लेबलावरचे अक्षर. नव्या अक्षरांखाली जुन्याच चकतीपासून निघालेली प्रत असू शकते, आणि जुन्या अक्षरांखाली नव्याने कोरलेली. पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ बदलले म्हणून आतला मजकूर बदलतोच असे नाही, आणि शीर्षकपृष्ठ तेच राहिले म्हणून मजकूर तोच राहतो असेही नाही, हे ग्रंथसूचीकार जाणतात. शिवाय प्रती एकाच वेळी छापल्या गेल्या नाहीत. ही तबकडी बिलबोर्डच्या यादीत ८९व्या स्थानापर्यंत गेली होती, तर १९७३ची 'बर्ड्स ऑफ फायर' १५व्या. दुसरीच्या यशाने पहिलीलाही नवे ग्राहक मिळाले असणार. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलसंकट आले. व्हायनिल हे तेलापासूनच बनते, त्यामुळे कच्चा माल महागला आणि दुर्मीळ झाला, आणि त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या पृष्ठभागाचा दर्जा घसरला. अरबस्तानातल्या एका राजकीय निर्णयाची खरखर अशा रीतीने अमेरिकेतल्या सुईखाली ऐकू येऊ लागली.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती थेट रचनेला भिडते. तबकडी एकाच गतीने फिरते, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या. पण कडेची फेरी मोठी आणि मधली लहान. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी जागेत लिहायचा. अक्षर दाटते, तीव्र आणि उंच स्वर फाटतात. म्हणून बाजूच्या अखेरीस शांत रचना ठेवावी असा जाणत्यांचा संकेत असे. या तबकडीची पहिली बाजू तो पाळते. तिच्या शेवटी 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' आहे : ढोल नाहीत, वीज नाही, केवळ साधी गिटार, व्हायोलिन आणि पियानो. दुसरी बाजू मात्र संकेत धुडकावते. तिच्या अखेरीस, जेथे जागा सर्वांत अपुरी तेथे, 'अवेकनिंग' ही अत्यंत वेगवान आणि दाट रचना येते. साडेतीन मिनिटांच्या त्या झंझावातात झांजा आणि व्हायोलिन एकमेकांवर घासत जातात. त्यातले किती घासणे वादकांचे आणि किती खाचेचे, हे १९७१च्या श्रोत्याला सांगता येणे शक्य नव्हते. त्याने दोन्ही मिळून एकच अनुभव म्हणून ते ऐकले. शेवटाला पोहोचता पोहोचता माध्यमच मोडू पाहते आहे, हा भास त्याच्या लेखी रचनेचाच भाग होता.

मग मूळ पाठ कोणता? फीत, असे उत्तर सहज सुचते. १९९८ साली नव्याने संस्कारित सीडी निघाली. तिच्यात अखेरच्या खाचेची दाटी नाही, कारण खाचच नाही. परंतु ती ऐकल्यावर कळते की कर्कशतेचा बराच वाटा फितीवरच आहे. पाच वादक इतक्या जोराने वाजवत होते की मुद्रणाची यंत्रणाही त्यांना अपुरी पडते आहे असे वाटत राहते. तबकडीचा दोष आणि मुद्रणाचा दोष वेगळे करता येणे ही सीडीची देणगी. पण म्हणून सीडी हा मूळ पाठ ठरत नाही. फीत कोणाला ऐकवण्यासाठी नव्हती, तबकडी करण्यासाठी होती. लेखकाचे हस्तलिखित उपलब्ध असले तरी ज्या छापील पाठाने वाचकांच्या दोन पिढ्या घडवल्या, त्याचे इतिहासातील स्थान हस्तलिखिताला घेता येत नाही.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो खाचांत नसून लेबलावर आहे. आठही रचनांचे श्रेय तेथे एकट्या मॅक्लॉफ्लिनला दिलेले आहे. सूत्रे त्याची होती, यात वाद नाही. पण हे संगीत लिहून संपणारे नव्हे. कॉबहमचे ढोल काढून घेतले तर 'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन'च्या नऊ मात्रांत काय उरते? जे वाजवताना घडते त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न लेबलाने विचारलाच नाही. तो विचारला वादकांनी. १९७३मध्ये सदस्यांची नाराजी छापील मुलाखतींतून उघड झाली आणि वर्षअखेरीस हा मूळ पंचक फुटला. त्याच वर्षी लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत मुद्रित केलेली तिसरी तबकडी निघालीच नाही. ती 'द लॉस्ट ट्रायडेंट सेशन्स' या नावाने १९९९ साली प्रकाशित झाली. तिच्यावर हॅमर, गुडमन आणि लेअर्ड यांच्या नावावर प्रत्येकी एक रचना आहे. वाद्यवृंदाच्या आयुष्यात जिची एकही प्रत निघाली नाही, तीच या वाद्यवृंदातील कर्तृत्वाच्या वाटणीची सर्वांत बोलकी साक्ष ठरली. 'पहिली प्रत' हाच प्रमाणपाठ मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आकाराला आली. त्या कार्याने आपल्याला शिकवले ते हे, की गळाळलेले पाठ फेकून द्यायचे नसतात. ते तळटीपांत सांभाळायचे असतात, कारण कुठल्या तरी काळी, कुठल्या तरी प्रदेशात तोच ग्रंथ म्हणून वाचला गेलेला असतो. तबकड्यांबाबतही हीच शिस्त आम्हांस इष्ट वाटते. संग्राहकाची नजर उपयोगी आहे. ध्वनी ही घडवलेली वस्तू आहे, तिला कारखाना आहे, माल आहे, हात आहेत, हे तो आपल्याला दाखवतो. मात्र '१ए' सापडताच त्याचा शोध संपतो, आणि अभ्यासकाचा तेथे सुरू व्हायला हवा. अशी तबकडी हाती आली तर पट्टीवरच्या खुणा अवश्य वाचाव्यात. नंतर लेबलावरचे एकुलते नाव वाचावे, आणि मग दुसऱ्या बाजूच्या अखेरीस पाच जण किती जागेत किती बोलू पाहत आहेत, हे कान देऊन ऐकावे.