अमेरिकेचा निकाल आणि खामगावचा कापूस

दिवाळी होऊन आठवडा झाला आहे. सकाळच्या गारठ्यात तुम्ही खामगावच्या कापूस बाजारात उभे आहात. तारीख ५ नोव्हेंबर २००८. मेटॅडोर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या एकमेकींना खेटून लागल्या आहेत. रात्रभर कापसाच्या ढिगावरच झोपलेली माणसं आता डोक्याचं फडकं सोडून त्याच फडक्याने तोंड पुसत आहेत. केंद्र सरकारने यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे २०३० वरून ३००० रुपये केला आहे, म्हणून सगळे खुश होते. मग सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली, जगभर मागणी आटली आणि खाजगी व्यापारी हात आखडून बसला. त्या बँकेचं नाव या रांगेत कुणी ऐकलेलं नाही, पण ती बुडाल्याचं प्रत्येकाला भावातून कळलं आहे.

चहाच्या टपरीवर टीव्ही लावलेला आहे. साडेदहाच्या सुमारास शिकागोच्या ग्रँट पार्कचा मंच दिसतो. तिथे रात्र आहे आणि मैदानात लाखो माणसं आहेत. सत्तेचाळीस वर्षांचा एक सावळा, सडपातळ माणूस बायको आणि दोन मुलींसह चालत येतो. हिंदी चॅनेलवरचा दुभाषी त्याच्या मागे धापा टाकत धावतो. निम्मं कळतं, निम्मं चेहऱ्यावरून समजून घ्यावं लागतं. ज्या देशात त्याच्यासारख्या कातडीची माणसं विकली जात होती, त्या देशाने त्याला अध्यक्ष म्हणून निवडून दिलं आहे. एवढं कळायला दुभाषी लागत नाही.

मग तो देशाबाहेरच्यांकडे वळतो. संसदेत आणि राजवाड्यात बसून जे पाहत आहेत त्यांना उद्देशून बोलतो. जगाच्या विसरलेल्या कोपऱ्यांत रेडिओभोवती गोळा झालेल्यांनाही तो हाक घालतो. आपल्या कहाण्या वेगळ्या असल्या तरी नशीब एकच आहे, असं तो म्हणतो.

तुमच्या शेजारी बसलेले म्हातारे आबा बशी खाली ठेवतात. "हे आपल्याले म्हनून राह्यला काय थो?"

प्रश्न भाबडा नाही. या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय तृतीयेला घट मांडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथलं भाकीत ऐकायला शिवारंच्या शिवारं जमतात. ज्वारी कशी, तूर कशी, पाऊस किती, आणि त्याच दमात विड्यावरून राजाची गादी टिकेल की हलेल. पीक आणि गादी ही माणसं एकत्रच ऐकत आली आहेत. मग गादी अमेरिकेतली असली म्हणून काय झालं?

पण तुम्ही अडकता ते "विसरलेला" या शब्दापाशी. टपरीमागच्या गल्लीने तुम्ही स्टेशनाकडे चालायला लागता आणि दर पावलागणिक वर्षं गळत जातात.

मार्च १८७०. जिनिंगची भोंगळ शेडं गेली, विजेचे खांब गेले, धूळ तेवढी तीच आहे. कमानी उभारल्या आहेत, घोडेस्वार आहेत, साहेब लोकांचे तंबू आहेत. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला आहे. कशासाठी? जलंबपासून खामगावपर्यंत टाकलेल्या जेमतेम तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी. हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी तेरा किलोमीटरसाठी येतो तेव्हा गाव कुणाला कळत नाही असं म्हणता येत नाही. एक काळ असा होता की वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. त्याला रुळांची घाई का झाली?

उत्तर दहा वर्षं आणखी मागे आहे, आणि तेही एका निवडणुकीतच. ६ नोव्हेंबर १८६० ला अब्राहम लिंकन निवडून आला. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलामगिरी सोडायची नव्हती, ती फुटली आणि युद्ध पेटलं. लिंकनच्या आरमाराने त्यांची बंदरं अडवली. गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. १८५३ पासून इंग्रजांच्या हाती आलेलं वऱ्हाड मग सगळ्यांना एकदम आठवलं. तिकडे बेडी तुटली आणि इकडे पऱ्हाटी वाढली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पण ज्वारीच्या रानात शिरलेला कापूस परत फिरला नाही. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात या मुलखाने त्याची किंमत जिवांनी मोजली.

म्हणून मला वाटतं, आमचा कोपरा विसरला गेला असं नव्हे. त्याचा कापूस नेमका लक्षात होता. विसरली गेली ती वेचणारी माणसं.

तुम्ही परत येता तेव्हा संध्याकाळ झाली आहे. आबांच्या गावी भारनियमन आहे. वेचलेला कापूस घरातल्या मोठ्या खोलीत छताला टेकला आहे आणि पोरं त्याच्यावरच लोळत आहेत. रेडिओवर बीबीसी हिंदी लागलं आहे, पुन्हा तेच भाषण. या वेळी अ‍ॅन निक्सन कूपर यांची गोष्ट नीट ऐकू येते. एकशे सहा वर्षांची बाई, गुलामगिरी संपल्यानंतरच्या पिढीत जन्मलेली, या निवडणुकीत अटलांटात मत देऊन आलेली.

दिवसभर वेचून आलेली काकू ओटीचं फडकं सोडता सोडता थांबते. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं चिरली आहेत. "तिच्या मायनं कापूस वेचला असन का वो?"

शिकागोहून आलेल्या भाषणाला इतका नेमका प्रतिसाद दुसऱ्या कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाने जगातला भाव पडतो, हा ब्राझीलचा दावा जागतिक व्यापार संघटनेने मान्य केला होता. २०१० मध्ये याच माणसाच्या सरकारने अनुदान बंद करण्याऐवजी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलला द्यायचं कबूल करून तो तंटा तूर्त मिटवला. बुलढाण्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तुम्ही हे आज इथे सांगत नाही. ज्या घराने सहा जिल्ह्यांसाठीचं २००६ चं पंतप्रधान पॅकेजही ऐकलं आहे, त्या घराला आशेचं मोल तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि त्या आवाजातली आशा खरी होती. मी आजही तसंच मानतो.

आबा तुम्हाला वही काढायला लावतात. "लिहा. आमी आयकलं म्हना. तुमी निवडून आले, लई बरं वाटलं. तुमच्याकडं बी कापूस हाय, आमच्याकडं बी हाय. भाव एकच करा म्हना."

अंधारात अक्षर दिसत नाही. तुम्ही कंदिलाला हात घालता, तशी काकू आतून ओरडते, "कंदील नका आनू आत! कापूस हाय!"

तुम्ही वही घेऊन ओसरीवर येता.