बाळंतिणीसाठी उघडलेलं दार

मागच्या महिन्यात शिरूर तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा होत होते आणि वही एका नावापाशी थांबली. ती बाळंत होऊन दीड महिना झालेला. हप्ता घेऊन तिची सासू आली होती. "नुसती भिंतीकडं तोंड करून पडती. पोराला घे म्हटलं की रडती. आमची पाच बाळंतपणं झाली, आम्हाला न्हाई असलं काही झालं," म्हणाल्या. कुणी दृष्ट काढायला सांगितलं, कुणी बाहेरचं असंल म्हणालं. आम्ही त्या वेळी काहीच बोललो नाही. घरी जाताना मात्र पुण्यातली एक जुनी हकीगत आठवत राहिली. आज तीच सांगणार आहोत.

साल 1863. पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे म्हणून जोतिराव फुल्यांचे मित्र होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाने तिला फसवलं. तिला दिवस गेले आणि तो हात झटकून मोकळा झाला. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता, पण तो कागदावर. माहेर, सासर, शेजार, सगळी दारं बंद. काशीबाई बाळंत झाली आणि तिने ते मूल मारून विहिरीत टाकलं. खटला चालला, जन्मठेप झाली, तिला काळ्या पाण्याला, अंदमानला पाठवलं. शास्त्रीबुवाला कुणी काही विचारलं नाही.

पोटात मूल वाढत असताना ते महिने तिने कसे काढले असतील? ना कुणी डोहाळे विचारले, ना कुणी पाठीवरून हात फिरवला. बाळंतपणाच्या भीतीत लाजेची भीती मिसळली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आपल्याला कळतं. कायद्याला ते कळायला फार वेळ लागला. इंग्लंडात 1922 साली कायदा झाला. बाळंतपणानंतर आईचं मन ढळलेलं असताना तिच्या हातून नवजात बाळाचा जीव गेला, तर तो खून धरायचा नाही असं त्यात ठरलं. आपल्याकडे अशी वेगळी तरतूद आजही नाही.

काशीबाईच्या या प्रकरणानंतर त्याच साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. शहरात भिंतींवर जाहिरातीचे कागद लावले. विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे तिनेच ठरवावं. 1884 सालापर्यंत 35 जणी तिथे येऊन बाळंत झाल्याचं जोतिरावांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांची उस्तवार सावित्रीबाई करत. स्वतःला मूल नसलेली बाई परक्या बायकांची बाळंतपणं काढते, तीही ज्या समाजाने तिच्या अंगावर शेण फेकलं त्याच समाजातल्या लेकींची! त्यातलीच आणखी एक काशीबाई 1874 साली आली. तिचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना गेल्या.

त्या घरात मनाच्या आजाराचं औषध नव्हतं. होतं ते एवढंच: छप्पर, जेवण, शेजारी बसणारं माणूस, आणि नावं न ठेवणं.

गोष्ट इथे संपत नाही. गोव्यात एका सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास झाला, तो 2002 साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 100 पैकी 23 जणींना उदासीचा आजार होता. कुणाला जास्त? जिच्या घरी पैशाची ओढाताण, जिला नवरा मारतो, आणि जिला आधीची मुलगी असून परत मुलगीच झाली. म्हणजे दृष्ट कुणाची लागते ते बघा!

दुसरी गोष्ट तर आपल्यासारख्या गटांचीच. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत 2005 ते 2008 या काळात बायकांचे गट दर महिन्याला जमून चित्रांच्या आणि गोष्टींच्या आधाराने बाळंतपणावर बोलत. तीन वर्षांत तिथे नवजात बाळांचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. उदासीचा फरक सुरुवातीला दिसला नाही. तिसऱ्या वर्षी मात्र मध्यम स्वरूपाची उदासी, गट नसलेल्या गावांच्या मानाने 57 टक्क्यांनी कमी भरली. नुसतं जमून बोलण्याने.

आपल्याकडे बाळंतिणीच्या अंगाची काळजी कमी नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना गार पाण्यात हात नाही. पण दौंडकडच्या आमच्या ताई म्हणतात तसं, लाडू किती खाल्ले ते सगळे विचारतात, झोप लागली का ते कुणी विचारत नाही. पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, चिडचिड होणं साधं आहे, ते जातं. दोन आठवडे उलटले तरी बाळ झोपलं असताना तिला झोप नाही, घास गिळत नाही, बाळाची माया वाटत नाही, मरावंसं वाटतं, तर तो आजार आहे. पोटुशी असतानाही तो होतो. आणि ती अचानक भलतंसलतं बोलायला लागली, भास व्हायला लागले, तर देवऋषी नको, त्याच दिवशी दवाखाना. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर चोवीस तास, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी गेलो. सासूबाईंनी चहा टाकला, तेवढ्यात तिला विचारलं, रात्री झोप लागते का. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मला बाळाची भीती वाटते." एवढं बोलायला तिला दीड महिना लागला होता. आशाताईंनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू आहेत, अंगावर पाजायला चालतील अशाच डॉक्टरांनी दिल्या. रात्रीचं बाळ आता सासूबाई घेतात. कुरकुरतात, पण घेतात. बैठकीला ती अजून आलेली नाही. परवा हप्ता द्यायला मात्र स्वतः दारापर्यंत आली.