सोफिया (विमानातील वेधशाळा)

सोफिया : अमेरिकेची नासा आणि जर्मनीची अवकाश संस्था डीएलआर यांची संयुक्त वेधशाळा. बोइंग ७४७ एसपी या प्रवासी विमानात २.७ मी. व्यासाच्या आरशाची दुर्बीण बसवून ती तयार केली होती. २०१० ते २०२२ या काळात तिने मुख्यतः अवरक्त किरणांत वेध घेतले.

दूरच्या अवरक्त किरणांचा बहुतेक भाग हवेतले बाष्प शोषून घेते. उंच डोंगरांवरील वेधशाळांपर्यंतही तो पोचत नाही. विमान १२ किमी.च्या वर गेले, की ९९ टक्क्यांहून अधिक बाष्प खाली राहते. नासाने हा मार्ग आधीच चोखाळला होता. सी-१४१ या मालवाहू विमानातील कायपर वेधशाळा १९७४ पासून १९९५ पर्यंत उडत होती. १० मार्च १९७७ रोजी हिंदी महासागरावरून वेध घेताना, युरेनसआड जाणारा एक तारा आधी आणि नंतरही क्षणभर मंदावताना दिसला आणि त्या ग्रहाची कडी उघडकीस आली.

सोफियाचे विमान १९७७ मध्ये पॅन ॲम कंपनीकडे आले, पुढे युनायटेड एअरलाइन्सकडे गेले आणि १९९७ मध्ये नासाने ते घेतले. त्यातील खरे कौशल्य मागच्या भागात होते. पंखांच्या मागे, डाव्या कुशीत मोठे दार कापले होते आणि वेध चालू असताना ते उघडे असे. दुर्बिणीच्या कोठडीत बाहेरचीच विरळ, गोठवणारी हवा. मधल्या भक्कम पडद्याअलीकडे मात्र शास्त्रज्ञ साध्या कपड्यांत, नेहमीच्या हवादाबात बसलेले. सुमारे १७ टनांची दुर्बीण याच पडद्यात बसवलेल्या गोलाकार धारव्यावर, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असे. विमानाला हिसके बसले तरी तिचा रोख ताऱ्यावरच राही. ती वरखाली वळे, पण डावीउजवीकडे फारच थोडी. त्यामुळे लक्ष्य बदलले की विमानालाच दिशा बदलावी लागे. रात्रीचा सारा हवाई मार्ग ताऱ्यांच्या यादीवरून आखला जाई.

विमान सकाळी परत येई, म्हणून उपकरणे दुरुस्त करता येत, बदलताही येत. उपग्रहाच्या बाबतीत ही सोय नसते. शिवाय वेधशाळाच हव्या त्या जागी नेता येई. जून २०१५ मध्ये प्लूटोने एक तारा झाकला, तेव्हा न्यूझीलंडहून निघालेल्या सोफियाने ऐन वेळी मार्ग बदलून सावलीचा मध्य गाठला आणि प्लूटोच्या वातावरणाचे मोजमाप केले. विश्वात सर्वांत आधी जुळलेला रेणू मानला जाणारा हीलियम हायड्राइड आयन तिने एनजीसी ७०२७ या ग्रहसदृश तेजोमेघात शोधला (२०१९). चंद्राच्या उन्हातल्या भागावर, क्लेव्हियस विवरात, पाण्याचा रेणू असल्याची घोषणा २०२० मध्ये झाली. पाणी आणि हायड्रॉक्सिल यांतला फरक ६ मायक्रोमीटरच्या खुणेवरून कळतो. आधीच्या चांद्रवेधांना तो नीट लावता आला नव्हता.

वर्षाला आठ कोटी डॉलरहून अधिक खर्च आणि त्या मानाने कमी शोधनिबंध, या हिशेबावर अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या दशवार्षिक आढाव्याने २०२१ मध्ये ती बंद करण्याची शिफारस केली. अखेरचे वैज्ञानिक उड्डाण २०२२ च्या सप्टेंबरअखेर झाले. खर्चाचा आक्षेप खरा असला, तरी हा हिशेब अपुरा वाटतो. अवकाशातील जेम्स वेब दुर्बिणीची पोच २८ मायक्रोमीटरच्या आसपास संपते, तर सोफियाची उपकरणे २०० मायक्रोमीटरच्याही पलीकडे पाहत. थंड धूळ आणि नवे तारे घडवणारे वायुमेघ नेमके त्याच पट्ट्यात सर्वाधिक तेजस्वी असतात.