प्रीमियर पद्मिनी : मूळ इंजिने आणि इंजिनबदल

मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली छोटी चारचाकी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने बनवली. १९६४ मध्ये ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आली, पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

मूळ इंजिन. चार सिलिंडर, १०८९ घनसेंमी, सुमारे ४० अश्वशक्ती. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. इटलीत याच पिढीच्या गाडीला १२२१ घनसेंमीचे इंजिन मिळाले, भारतात मात्र जुनेच कायम राहिले. ताकद बेताची, पण हे इंजिन साध्या गॅरेजातही उतरवता येते. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालायचे, क्रँक घासून घ्यायचा, हेडचे तोंड सपाट करायचे, की ते पुन्हा उभे राहते. गाडी इतकी वर्षे टिकली, याचे मोठे श्रेय या दुरुस्तीसुलभतेला द्यावे लागेल.

नव्वदच्या दशकात कारखान्यानेच ‘१३७ डी’ ही डिझेल पद्मिनी काढली. तिच्यात एफएनएम या इटालियन कंपनीच्या रचनेचे १३६६ घनसेंमीचे इंजिन होते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पुढे सीएनजी स्वीकारला. त्यात इंजिन बदलत नाही, फक्त इंधन बदलते. पण डिकीत टाकी बसल्याने प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर चढले.

इंजिनबदल. हौशी मंडळींची पहिली पसंती १९८५ च्या ‘प्रीमियर ११८ एनई’च्या इंजिनाला असते. हे निस्सानचे ११७१ घनसेंमीचे ए-१२ इंजिन. तेही पेट्रोलवर आणि मागच्या चाकांना गती देणारे, म्हणून ते पद्मिनीच्या रचनेशी जुळवून घेता येते. तरी काम सोपे नाही. इंजिनाचे माउंटिंग नव्याने बनवावे लागते, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते आणि गिअरबॉक्सही त्याच गाडीचा घेतल्यास स्टिअरिंगजवळचा गिअर जाऊन पायाशी दांडा येतो. ब्रेक मात्र जुनेच राहिले तर वाढीव वेग धोक्याचा ठरतो. ब्रेक सुधारल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

नोंदणी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्याची मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. बदललेल्या इंजिनाला परिवहन कार्यालयाची मंजुरी हवी आणि नवा क्रमांक आरसी पुस्तकात चढायला हवा.

मध्य प्रदेशात महाराष्ट्राच्या सीमेवर असलेल्या बऱ्हाणपूरसारख्या गावात हा नोंदणीचा प्रश्न हमखास येतो. रावेर किंवा जळगावकडून घेतलेली ‘एमएच-१९’ क्रमांकाची पद्मिनी येथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची, तर ना हरकत प्रमाणपत्र आणून ‘एमपी-६८’ क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी गाडीवरचे आकडे कागदांशी ताडून पाहिले जातात. चॅसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासतात, आकडे पांढरे उमटतात. इंजिनावरचा क्रमांक आरसीपेक्षा वेगळा निघाला, की गाडी अडकते.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४ च्या पद्मिनी २०२४ पासून या वयाच्या झाल्या आहेत. म्हणून १०८९ चा मूळ ब्लॉक दुरुस्त होण्याजोगा असेल तर तोच बांधून घ्यावा आणि नाइलाजाने इंजिन बदललेच, तर उतरवलेला ब्लॉक भंगारात न देता तेल लावून जपून ठेवावा.