सूर्य झालेला ड्यूक : झाक कालोची मिरवणूक, १६२७

१/ १४ फेब्रुवारी १६२७. लोरेनच्या डचीची राजधानी नान्सी. राजवाड्याच्या दालनात एक अद्भुत मिरवणूक शिरते. एक सरदार ग्रीक पुराणातला जेसन झाला आहे आणि स्वतः ड्यूक चौथा चार्ल्स साक्षात सूर्य! झाक कालोने अम्लरेखनात (एचिंग) जपलेल्या या सोहळ्याविषयी हा धागा.

२/ निमित्त होते एका दरबारी द्वंद्वाचे. मध्ये आडवा अडसर आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी लढणारे पायउतार योद्धे. मात्र कालोच्या चित्रमालेत या लढतीहून अधिक जागा मिळाली ती योद्ध्यांच्या आगमनाला: सजवलेले रथ, वादक, सोंगे.

३/ मानाची पाहुणी होती शेव्ह्रूझची डचेस मारी द रोआं. फ्रान्सचा प्रधान रिशेल्यू याच्याविरुद्ध १६२६ मध्ये झालेल्या कटात ती गुंतली होती. कट फसल्यावर तिने लोरेनचा आश्रय घेतला. म्हणजे बलाढ्य शेजाऱ्याच्या शत्रूचा हा जाहीर सत्कार होता.

४/ कालोचा जन्म नान्सीचा (१५९२), पण कीर्ती मिळाली ती फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात. तांब्याच्या पत्र्यावर तो ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर वापरत तसले कठीण रोगण लावी. त्यावर रेघ स्वच्छ उमटे. तिरप्या टोकाच्या हत्याराने तीच रेघ बारीक-जाड होई. मग अम्ल उघड्या तांब्याला खाई.

५/ सोहळा एका रात्रीत संपला. पत्र्यावरून मात्र अनेक प्रती निघाल्या. जे त्या दालनात नव्हते, त्यांच्यापर्यंतही सूर्यरूपी ड्यूक पोहोचू शकला. छोट्या राज्याला हेच हवे होते.

६/ सप्टेंबर १६३३. तेराव्या लुईच्या फौजा नान्सीत शिरल्या. पुढच्याच वर्षी चार्ल्सने गादी सोडली.

७/ त्याच १६३३ मध्ये कालोची १८ चित्रांची मालिका प्रसिद्ध झाली : ‘युद्धाची दुःखे आणि आपत्ती’. लूट, जाळपोळ, झाडाला लटकणारी प्रेते. आकृती तशाच चिमुकल्या, रेघ तशीच सफाईदार. १६३५ मध्ये कालो वारला.

८/ १६२७ ची चित्रे लोरेनचे बळ किती होते हे सांगत नाहीत. ते किती दिसावे अशी दरबाराची इच्छा होती, हे सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही हवे. म्हणून मिरवणुकीचे कोणतेही चित्र पाहताना विचारावे : हे कोणी काढवून घेतले, आणि कोणाला दाखवायला?