सासूला ‘आत्याबाई’ का?

आपल्याकडे जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते. का बरे? नाशिकला वर्गात हे विचारले की मुले हसतात. इरावतीबाई कर्व्यांनी मात्र असल्या शब्दांतून समाजाची घडण शोधली.

बाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. मुंबईत डॉ. घुर्यांच्या हाताखाली एम.ए., बर्लिनला डॉक्टरेट, १९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज. नात्यागोत्यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला.

उत्तरेत मुलगी बहुधा परक्या गावी, परक्या घरी देतात. तिथे तिला ओळखीचा चेहरा नसतो. दक्षिणेत नात्यातच लग्ने होत. सासर आधीच आपले. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. इथे पुष्कळ जातींत मामाची मुलगी करीत. म्हणजे सून खरोखरच आत्याच्या घरी येई! (अशा लग्नांत आनुवंशिक रोगांचा धोका वाढतो, हे आज ठाऊक आहे, तो विषय डॉक्टरांचा.) पुढे सासू नात्याची नसली तरी शब्द टिकला. आत्या झाली म्हणून सासुरवास चुकला, असे मात्र समजू नका.

गुरुजी, घरी कोण कोणाला काय म्हणते, हे मुलांना लिहून आणायला सांगा. बागलाणात अहिराणी शब्द येतील. ते ‘शुद्ध’ करू नका, तसेच उतरवून घ्या.