पहिला मान कोणाचा?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या डोंबिवलीच्या शाळेत एक छोटीशी सभा भरली. विषयपत्रिकेवर विषय एकच होता : शाळेचे पाच जुने कॉम्प्युटर. कोण्या एका कचेरीने आपले टाकाऊ झालेले खोके शाळेला दिले होते. ते सुरू व्हायला इतका वेळ घेत की मुले बटण दाबून खुशाल पाणी प्यायला जात आणि परत येऊन बाकावर ताल धरीत. पालकांनी वर्गणी करून बारा हजार रुपये जमवले होते. म्हणजे एका यंत्राच्या वाट्याला दोन हजार चारशे. एवढ्यात काय काय बदलणार? आणि आधी काय?

गणिताचे सर म्हणाले, प्रोसेसर. तो मेंदू; मेंदू सुधारला की सगळे सुधारते. खेळाच्या सरांना मोठा पडदा हवा होता. नववीतल्या एका चुणचुणीत मुलाला मुद्दाम बोलावले होते, त्याने ग्राफिक्स कार्डाचे नाव सुचवले. त्यामागे अभ्यासाचा हेतू कितपत होता हे त्याचे त्यालाच ठाऊक. शिपाईमामांनी भंगारवाल्याचा भाव सांगितला. मग मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे वळल्या. मी कादंबऱ्या लिहितो, घरी वीस वर्षे कॉम्प्युटर बाळगून आहे, तेव्हा मला त्यातले कळत असावे असा त्यांचा समज. वाचकहो, मी मॅट्रिक झालेला माणूस. मला त्यातले जे कळते ते एक कादंबरी बुडवून कळले आहे. ती हकीगत पुढे येईलच.

आधी काय बदलावे, हा प्रश्न घरात बसून पडावा हीच मुळात नवलाची गोष्ट आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्या माणसांनी बांधलेला कॉम्प्युटर सुरू झाला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे टिफ्रॅक असे बारसे केले. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह त्यात तेवत असत, आणि स्मरणशक्ती होती २,०४८ शब्दांची. त्याचा एखादा भाग सुधारायचा तर ते शास्त्रज्ञांचे काम. तुमच्याआमच्यासारख्याने दुरून नमस्कार करावा.

हे चित्र पालटले ते १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात आणला. त्याची स्मरणशक्ती होती अवघी १६ किलोबाइट, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. पण खरी करामत आत होती. मुख्य पाटीवर पाच खाचा मोकळ्या ठेवल्या होत्या, ज्यात मागाहून हवे ते कार्ड खोचावे. आणि यंत्राची आकृती, जोडण्या, सगळे कंपनीने पुस्तकात छापून विकायला ठेवले. आपल्या स्वयंपाकाची कृती शेजारणीला लिहून देण्याचाच हा प्रकार. शेजारणींनी तो स्वयंपाक स्वस्तात सुरू केला. गंमत अशी की आयबीएमने १९७८ सालीच भारतातून आपला गाशा गुंडाळला होता, तरी तिच्या पीसीची भावंडे आपल्या देशात बनू लागली. १९८४ च्या नोव्हेंबरात सरकारने कॉम्प्युटरविषयीचे धोरण सैल केले आणि सुटे भाग येण्याची वाट रुंद झाली. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे नाव केव्हाच डॉ. भडकमकर मार्ग झाले आहे पण म्हणत कोणी नाही, रेडिओचे भाग विकणारी दुकाने होतीच. त्यांच्या फळ्यांवर आता मदरबोर्ड आणि रॅम दिसू लागले. डोंबिवलीहून फास्ट गाडीने दादर, तिथून पश्चिमेची स्लो पकडून ग्रँट रोड. ही आमच्या पिढीची यात्रा.

मराठी माणसापुरते विचाराल तर सुधारणेचा पहिला मान प्रोसेसरलाही नव्हता आणि रॅमलाही नव्हता. तो होता एका कार्डाला. त्या काळच्या पीसीला देवनागरी उमगतच नसे. कानपूरच्या आयआयटीत यावर काम झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढवून जिस्ट कार्ड बनवले. हे कार्ड त्या मोकळ्या खाचेत बसवले की पडद्यावर अक्षरे मराठी उमटत. शाळकरी वयात कल्याणच्या एका छापखान्यात मी ते प्रथम पाहिले. खिळे जुळवण्यात ज्यांची हयात गेली होती असे एक गृहस्थ पडद्यावरच्या 'क्ष'कडे डोळे बारीक करून बघत होते. त्या छापखान्यात यंत्र धीमे होते, पडदा एकरंगी होता, पण त्याबद्दल कुणाचीच कुरकुर नव्हती. ज्यावाचून कामच अडते ते आधी, हा हिशेब तिथे कुणाला शिकवावा लागला नाही. पुढे युनिकोड आले, विंडोज २००० पासून मराठी यंत्राच्या पोटातच आली आणि ते कार्ड निवृत्त झाले.

माझा स्वतःचा कॉम्प्युटर आला २००४ साली. एमएस-सीआयटीचे वर्ग तेव्हा गल्लोगल्ली निघाले होते, मीही एकात नाव घातले होते, आणि कादंबरी आता यावरच लिहायची असा हट्ट घेतला. लगेच भारनियमनाचे दिवस आले. मुंबई शहरात दिवे लखलखत, आणि ठाण्यापलीकडे आम्ही मेणबत्त्या शोधत असू. वीज अशी अवचित जाई-येई की दोन वर्षांत यंत्राचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज वाटून देणारा डबा, जळाला. तो बदलला, यूपीएस घेतला. या खर्चाने वेग तसूभर वाढला नाही, म्हणून घरात बोलणी खावी लागली. आज मात्र मी म्हणेन की माझ्या हातून झालेला सर्वांत शहाणा खर्च तोच.

मूर्ख खर्च २००९ सालचा. यंत्र रेंगाळू लागले होते. आपल्याकडे सगळ्या खोक्यालाच सीपीयू म्हणायची रीत आहे. सबंध घराला कर्त्या पुरुषाच्या नावाने ओळखावे तसे. साहजिकच घरात काही बिघडले की आपण कर्त्यालाच बोल लावतो. मी प्रोसेसर बदलला. वेगात ढिम्म फरक पडला नाही. आतून मात्र एक आवाज यायचा, टक... टक... मी समजलो, नवा पंखा असेल. ती हार्ड डिस्क होती, आणि ती शेवटचे श्वास मोजत होती. गौरी-गणपतीच्या सुट्टीत एका सकाळी ती उठलीच नाही. एकशे साठ पाने गेली. पहिली चाळीस कागदावर काढून ठेवली होती, बाकीची पुन्हा लिहायला मला दोन वर्षे लागली. बायको म्हणते दुसऱ्या खेपेची कादंबरी अधिक चांगली झाली. मला ते अद्याप पटलेले नाही.

त्यानंतर मी हार्ड डिस्क म्हणजे काय हे मन लावून वाचले. १९५६ साली आयबीएमने पहिली चकत्यांची डिस्क आणली : चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, मावायची ५० लाख अक्षरे. पुढे ती तळहातावर मावू लागली, पण राहिली फिरणारीच. साधी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तरीही हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत यंत्राला थांबावे लागते. किती थांबावे लागते? समजा, रॅममधून एक जिन्नस काढणे म्हणजे हाताशी असलेल्या फडताळातून मिठाचा डबा काढणे, आणि त्याला एक मिनिट लागते. त्याच मापाने, फिरत्या डिस्कवरून मीठ आणायला साधारण सत्तर दिवस लागतात. एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी डिस्क, असेल तर सोळा-सतरा तासांत मीठ घरी. स्वयंपाकीण कितीही चपळ आणा, सत्तर दिवस ती चुलीपुढे बसूनच राहणार! माझा २००९ चा प्रोसेसर असाच बसून होता. जीन अॅमडाल या कॉम्प्युटरतज्ज्ञाने १९६७ सालीच हिशेब मांडला होता की कामाचा जेवढा भाग तुम्ही वेगवान करता, लाभ तेवढ्यापुरताच होतो. बाकीचा भाग जिथे होता तिथेच.

सभेत मी एवढे सगळे बोललो नाही. फक्त म्हटले, आधी घड्याळ लावून बघू. एक यंत्र सुरू केले. कामाला लागायला चार मिनिटे लागली, आणि त्यातला बहुतेक वेळ डिस्कचा लाल दिवा अखंड पेटलेला. "प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर या चारातले किती वाचेल?" गणिताच्या सरांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि प्रामाणिकपणे मान हलवली. रॅमही बघितली. ती जिथे अपुरी पडते तिथे यंत्र उरलेले सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि पुन्हा सत्तर दिवसांचा फेरा सुरू होतो. म्हणून मानाचा पहिला एसएसडी, दुसरी रॅम, असे ठरले.

एक पेच राहिला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता, आणि विंडोज ११ या वयाच्या यंत्रांना दारात उभे करीत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चकती आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. प्रोसेसर नवा म्हणजे मदरबोर्ड नवा, मदरबोर्ड नवा म्हणजे रॅमही नवी. कल्याणहून २०१२ साली पंधरा डब्यांची लोकल सुटू लागली तेव्हाची गोष्ट आठवते ना? डबे वाढले, पण ज्यांचे फलाट लांब झाले होते तेवढ्याच स्थानकांवर ती थांबे. आमच्या बारा हजारांत फलाट बांधणे शक्य नव्हते. तेव्हा फुकट मिळणारी लिनक्स घालायचे ठरले. तिच्यात मराठी आहेच, वेगळे कार्ड लागत नाही.

पाचांपैकी एकाचा मदरबोर्ड मेलेलाच निघाला. त्याची रॅम काढून दोघांना वाटली. चौघांना एसएसडी बसवल्या, आतली धूळ शिपाईमामांनी रंगकामाच्या ब्रशने काढली, आणि उरलेल्या पैशांत एक यूपीएस आला. यूपीएससाठी मी अंमळ भांडलो, हे कबूल करतो.

सुट्टी संपून शाळा भरली. पहिल्याच तासाला सातवीतल्या एका मुलीने बटण दाबले आणि सवयीने पाण्याची बाटली घेऊन उठली. दारापर्यंत गेली नाही तोच मागून मुले ओरडली, "अगं, लागलासुद्धा!" ती तशीच परत आली. आता मुलांची तक्रार अशी आहे, की या तासाला पाणी प्यायला मिळत नाही.